रश्शाच्या पातेल्यातला आपला वाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला पाकशास्त्रावर कोणी तरी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची चाल आहे. आजवर या व्यासपीठावरून उन्हाळी वाळवणे झाली, दिवाळीचा फराळ झाला, उपासाचे पदार्थ तर तीनदा झाले. यंदा माझ्याकडे विषय मागितला तेव्हा मी म्हटले, मी मटणावर बोलेन. कार्यवाह बाई क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "बोला, पण जरा जपून." जपून म्हणजे नेमके काय, हे मला अजून कळलेले नाही. तेव्हा जसे येईल तसे बोलते.

या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घरांत आठवड्यातून एकदा तरी मटण किंवा कोंबडी शिजते, हे तुम्हांलाही ठाऊक आहे नि मलाही. नव्या सुनेच्या हाताची पारख पुरणपोळीवर होते तशी रश्शावरही होते. तरी चारचौघींत पाककृती सांगायची वेळ आली की आपण साबुदाण्याच्या वड्याकडे वळतो. माळकरी भगिनी येथे आहेत. त्यांच्या माळेचा मान कसा राखायचा हे मी माझ्या घरातच शिकले, त्याविषयी पुढे बोलणारच आहे. पण ज्या पातेल्यावर घरच्या रविवारचा आनंद अवलंबून असतो, त्याविषयी बायकांनी बायकांशी बोलायला संकोच करावा, हे काही मला पटत नाही.

छापील पुस्तकांकडे वळावे तर तेथेही आपण सापडत नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या 'गृहिणी-मित्र' या पुस्तकात मटणामासळीच्या कृती भरपूर आहेत, पण ते स्वयंपाकघर मुंबईकडचे, समुद्रकाठचे. अलीकडे, २०१५ साली, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' निघाले. मराठवाड्यातल्या दलित घरांतले जे अन्न कोणी पुस्तकात घेतले नव्हते, ते त्यांनी अभिमानाने घेतले. ते पुस्तक आपल्या मंडळाच्या कपाटात असावे असे मी सुचवते. आपल्याकडच्या हॉटेलांच्या पाट्यांवर मात्र सर्रास 'सावजी' लिहिलेले असते. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचे रांधप. चांगले आहे, झणझणीत आहे, पण ते त्यांचे. आपले निराळे.

आणि आपले तरी एक कुठे आहे? बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, पण चुली दोन. एक घाटावरची, एक घाटाखालची. माझे माहेर घाटाखाली नांदुऱ्याकडे, सासर घाटावर मेहकरकडे, त्यामुळे दोन्ही चुलींचा धूर मी डोळ्यांत घेतलेला आहे. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद हा पूर्णेकाठचा मुलूख खानदेशाला लागून. तिकडे रश्शाबरोबर कळण्याची भाकरी लागते. ज्वारीत उडीद मिसळून दळलेले ते पीठ. भाकरी जरा काळपट, खरपूस, आणि रश्शात कुस्करली तरी गिचका होत नाही. त्याच बाजूला खारपाणपट्टा आहे. विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासन् तास शिजत नाही आणि भाजीत मीठ हात राखून घालावे लागते. माझी आई मिठाच्या आधी पाणी चाखायची. ही गोष्ट घाटावरच्या माझ्या जावांना मी सांगितली तेव्हा त्या हसल्या, पण एकदा माझ्या माहेरी येऊन स्वयंपाक केल्यावर हसल्या नाहीत.

घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूला, शेजार जालन्याचा आणि मराठवाड्याचा. इकडे पांढरी ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची. रश्शाला दाटपणा यावा म्हणून कोणी येसर लावते, कोणी भाजलेल्या ज्वारीचे पीठ. घाटाखाली मात्र खोबरे नि कांद्याच्या वाटणावरच भर. कोणते चांगले म्हणून विचाराल तर मी उत्तर देणार नाही. मला दोन्हीकडे जायचे असते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येते. आमच्या घरी बहुधा आठ-नऊ माणसे जेवायला असतात, तेवढ्यांचे प्रमाण सांगते. बोकडाचे मटण एक किलो. खाटकाच्या दुकानी नुसते "एक किलो द्या" म्हणून उभे राहू नये. पुठ्ठ्याचे मास भरीव नि मऊ, पण रश्शाला गोडी येते ती सीना, गर्दन आणि नळी यांनी. मी निम्मे पुठ्ठ्याचे घेते आणि उरलेल्या निम्म्यात सीना, दोन नळ्या नि थोडी चरबी. कलेजी पाव किलो, वेगळी बांधून. ती वेगळी का, ते पुढे सांगते.

मटण दोन पाण्यांनी धुवावे, पण पाण्यात भिजत ठेवू नये. हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळून अर्धा तास झाकून ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन पळ्या तेल घालून त्यात एक कांदा लालसर करावा, मटण टाकावे आणि पाणी न घालता परतत राहावे. मटणाला स्वतःचे पाणी सुटते. ते पूर्ण आटून तेल दिसू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. इथे जिला घाई होते तिचा रस्सा उग्र लागतो, मग वरून कितीही मसाला घाला. परतून झाले की पाणी घालायचे ते आधणाचेच. गार पाण्याने मास आखडते असे माझी आई म्हणे. पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओतावे, आणि तेच तापलेले पाणी लागेल तसे आत सोडावे. कोवळा बोकड चुलीवर तासाभरात शिजतो, जून असला तर दीड तासही घेतो. कुकरला पाच-सहा शिट्या. कुकरला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. शेतातून येऊन सात वाजता चूल पेटवणारीला दीड तास कोठून आणायचा?

या टप्प्यावर पातेल्यात जे असते ती अळणी. नाव अळणी, पण मीठ असते तीत, तिखट नसते एवढेच. लहान मुलांच्या, आजाऱ्याच्या आणि बाळंतिणीच्या वाट्या आताच भराव्यात. मसाला पडल्यावर मग त्यांच्यासाठी रस्सा धुऊन फोड देण्याची जी पद्धत काही घरांत आहे, ती मला आवडत नाही. सत्त्व सगळे रश्शात उतरलेले असते नि आपण मुलाला देतो धुतलेला चोथा.

मसाल्यासाठी दोन मोठे कांदे सालासकट निखाऱ्यात भाजावेत, गॅस असेल तर जाळीवर. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी विस्तवावर काळसर डाग पडेपर्यंत भाजावी. तीन चमचे धने, दोन चमचे खसखस, चमचाभर जिरे, पाच-सहा लवंगा, आठ-दहा मिरे, बोटभर दालचिनी, थोडे दगडफूल, एक मसाला वेलची, दोन तमालपत्रे. हे सारे थेंबभर तेलावर वेगवेगळे भाजायचे, एकत्र नव्हे, कारण खसखस डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जळते आणि धन्यांना वेळ लागतो. मग कांदा-खोबऱ्यासह पाट्यावर, नाहीतर मिक्सरमध्ये, लोण्यासारखे वाटायचे. वेगळ्या कढईत तेल तापवून हे वाटण मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परतावे, लाल तिखट शेवटी घालावे, आणि लगेच त्यावर अळणीतलेच पळीभर पाणी सोडावे म्हणजे तिखट जळत नाही. मग हे सारे मटणात. दोन उकळ्या, वरून कोथिंबीर, आणि पातेले खाली उतरवून पाव तास झाकून ठेवणे. त्या पाव तासात तर्री वर येते.

तर्रीविषयी एक शब्द. तर्री म्हणजे तेलाचा मारा नव्हे. मसाला नीट परतला तर चार पळ्या तेलातही लालभडक तर्री येते, नाही परतला तर आठ पळ्यांतही येत नाही. आमच्या लहानपणी तेल करडईचे, भुईमुगाचे, नाहीतर सरकीचे असे. आता शेतात सोयाबीन आणि पातेल्यातही सोयाबीन. चवीत फरक पडला आहे हे खरे, पण त्यावर मी इथे रडत बसत नाही.

कोंबडीचे थोडक्यात सांगते. गावरान कोंबडा असेल तर वरचीच कृती, वेळ जवळजवळ तेवढाच. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, मसाला तिच्या आत शिरत नाही, म्हणून वाटण आदल्या तासाला चोळून ठेवावे आणि रस्सा अंगासरसा ठेवावा. मटण किलोला सातशे रुपयांच्या वर गेल्यापासून पुष्कळ घरांत रविवारची जागा ब्रॉयलरने घेतली आहे. त्यात कमीपणा काही नाही. मासळीवर मी बोलत नाही. पूर्णा-नळगंगेच्या काठच्या भगिनींनी पुढच्या वर्षी बोलावे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळते. पाहुणे वाढले की रस्सा वाढवता येतो. भाजलेल्या ज्वारीचे चमचाभर पीठ लावा, फुटाण्याच्या डाळीचे लावा, बटाटे सोडा, अंडी उकडून टाका, सुगरणीला हे सांगायला नको. पण फोडी वाढत नाहीत. एक किलोच्या फोडी होतात पंचवीस-तीस. नऊ माणसांना सारख्या वाटल्या तर माणशी तीन येतात. आता आपापल्या घरची पंगत डोळ्यांसमोर आणा. मामंजींच्या ताटात नळी, जावई आला असेल तर दुसरी नळी त्याला. कमावत्या मुलांना पाच-पाच, सहा-सहा. शाळकरी मुलग्यांना चार, मुलीला दोन. शेवटी ज्या दोघी-तिघी बसतात त्यांच्यासाठी पातेल्यात रस्सा असतो, बटाट्याची फोड असते, आणि एखादे हाड. त्या म्हणतात, "मले रस्साच आवडते." भगिनींनो, इतक्या बायकांना एकाच वेळी रस्साच कसा आवडतो, याचा कोणी तरी विचार करायला हवा.

हे घरापुरतेच नाही. आपल्या पोळ्याची कर घ्या. श्रावण महिनाभर पातेले टांगलेले. पोळा श्रावणातल्या अमावास्येला, दुसऱ्या दिवशी भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला कर, आणि चतुर्थीला गणपती येणार. म्हणजे हाती मोजके दोन-तीन दिवस. त्यामुळे करीच्या दिवशी गावोगाव बोकड पडतात आणि वाटे घालतात. दहा-बारा घरे मिळून एक बोकड घ्यायचा, पैसे सारखे, वाटेही सारखे. पळसाच्या पानांवर ढीग मांडलेले असतात, प्रत्येक ढिगात थोडे पुठ्ठ्याचे, थोडा सीना, थोडी वजडी, एखादी नळी. ज्या कोणी ही पद्धत पाडली तो न्यायी माणूस होता. कोणाच्या वाट्याला नुसती हाडे नाहीत, कोणाला नुसते मास नाही.

पण कलेजी त्या ढिगात नसते. ती तिथेच निखाऱ्यावर भाजली जाते, मीठ-तिखट लावून, आणि कापणारे, वाटे घालणारे, पैसे गोळा करणारे असे सगळे पुरुष ती उभ्याउभ्याच खातात. घरी वाटा येतो तो कलेजीवाचून. आखाडीला तेच, धुळवडीला तेच. आपल्या बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, सर्व धर्मांची माणसे येतात. नवसाची कंदुरी करायची झाली तरी पातेल्यापाशी उभे राहणारे पुरुषच. शंभर माणसांचे मटण हे लोक उत्तम रांधतात. घरी नऊ माणसांचे रांधायचे म्हटले की मात्र त्यांना चूल पेटवता येत नाही.

उलट आमच्या शेजारच्या मुसलमान भगिनींकडे मी बकरी ईदला पाहिले आहे. तिथे गोश्ताचे तीन भाग करण्याची रीत आहे. एक घरचा, एक नात्यागोत्याचा नि एक गरिबांचा. आणि सकाळी पहिल्यांदा चुलीवर जे चढते ते कलेजीचे. घरातल्या बायका ती शिजवतात आणि सगळ्यांबरोबर खातातही. हे पाहून मला आमच्या करीच्या निखाऱ्याची फार आठवण झाली.

कलेजीविषयी मी इतके का बोलते, त्याला कारण आहे. १९७८ साली माझ्या मोठ्या जाऊबाई दुसऱ्यांदा बाळंत झाल्या आणि नंतर उठेचनात. पायऱ्या चढल्या की धाप, ओठ पांढरे, हातात पाण्याची घागर धरवेना. दवाखान्यात नेले. रक्त सात भरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारले, तुमच्याकडे मटण चालते ना? मग हिला कलेजी द्या.

आमच्या सासूबाई माळकरी. पंढरीची वारी चुकली नाही कधी. मटणाचे पातेले घरात यायचे नाही. अंगणात लिंबाखाली निराळी चूल, भांडी बाहेरच्या भिंतीला खुंटीवर, आणि रांधणारीने आंघोळ केल्याशिवाय देवघरात पाऊल टाकायचे नाही. वासही नको म्हणून रविवारी त्या ओट्यावर पुढच्या बाजूला जाऊन बसत. त्या बाईने दवाखान्यातून आल्या आल्या माझ्या दिराला बोलावून सांगितले, करीच्या दिवशी आपल्या वाट्याची कलेजी भाजू द्यायची नाही, पानात बांधून कच्ची घरी आणायची. दीर लाजला. चार लोकांत "बायकोसाठी कलेजी नेतो का रे?" म्हणून हसतील, असे म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "हसू दे. इच्यासाठी नेतो म्हून सांग." त्याने ती आणली, आणि हसले तेही खरे.

त्यानंतर दर रविवारी खाटकाकडून पाव किलो कलेजी वेगळी यायची. सासूबाई चुलीपासून दहा हात दूर उभ्या राहून, पदर नाकाला लावून, मला सांगत, "आधी इची वाटी काढ, मंग बाकीच्याईले वाढ." एकदा मामंजी जेवताना म्हणाले, "कलेजी तं पुरुषमाणसाचं खाणं." सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पुरुषमाणसाचं रक्त दर महिन्याले सांडते काय?" अंगणात सगळे गप्प. मामंजींनी पुढचा घास घेतला. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

चार महिन्यांनी जाऊबाईंचे रक्त दहावर आले. गोळ्या चालू होत्याच, तेव्हा नुसत्या कलेजीने झाले असे मी म्हणणार नाही. पण झाकणाची ती पितळी वाटी आमच्या घरात राहिली ती राहिलीच. मला दिवस गेले तेव्हा तीत माझ्यासाठी मटणाच्या चार फोडी असत. आज माझ्या सुनेची आणि नातीची वाटी मी आधी काढते.

सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचे बोलणे आज कागदावरही खरे ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी प्रमाणे ठरवली, त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते असे म्हटले आहे आणि स्त्रीला २९. म्हणजे आपली गरज दीडपट. आणि पंगतीत काय होते ते आता सांगून झाले. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी देशात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पुरुष शंभरांत २५. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५४.२. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत तो ४८ होता. म्हणजे कमी व्हायचे ते वाढले. याला कारणे अनेक आहेत, एक मटणाच्या पातेल्यात सगळी सापडतील असे नाही. पण पातेले आपल्या हातात आहे, इतर कारणे तितकीशी नाहीत.

लोह भाजीपाल्यातही असते, बाजरीत असते. मग मटणाचेच काय एवढे? तर मासातले लोह शरीराला जास्त सहज मिळते, भाजी-धान्यातले त्यामानाने कमी. शिवाय मासाबरोबर भाजी-भाकरी खाल्ली तर त्यातलेही लोह अधिक अंगी लागते. ज्या भगिनी मांसाहार करत नाहीत त्यांनी पालेभाजीवर लिंबू पिळावे, मोड आलेली कडधान्ये खावीत आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घ्याव्यात. गोळ्यांना कोणी कमी लेखू नये. आणि गरोदर भगिनींनी कलेजीवर ताव मारू नये. तीत अ जीवनसत्त्व फार असते आणि त्या दिवसांत ते जास्त झालेले पोटातल्या बाळाला बरे नव्हे. माझ्या जाऊबाई बाळंत झालेल्या होत्या, तो फरक ध्यानात ठेवावा. गरोदरपणी साध्या फोडी खाव्यात, चांगल्या शिजलेल्या, आणि बाकीचे डॉक्टरांना विचारावे.

कलेजीची कृती सोपी आहे. वरचा पातळ पापुद्रा काढून बोटाएवढे तुकडे करावेत. तेलावर कांदा, आले-लसूण, हळद, तिखट, धन्याची पूड परतून कलेजी टाकावी आणि झाकून आठ-दहा मिनिटे शिजवावी. आतला गुलाबीपणा गेला की उतरवावी. त्याहून जास्त शिजवली तर रबरासारखी चिवट होते. मीठ अगदी शेवटी, आणि वर लिंबू.

ज्या जिनसांना पुष्कळ घरांनी नावे ठेवली त्या वजडी, मुंडी, पाया, रक्ती यांविषयीही बोलायला हवे. यांच्यावर कष्टकरी घरांतल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या लेकरे वाढवली. रक्तीत लोह किती असेल हे तिच्या नावावरूनच कळते. मटणाच्या भावात वजडी आजही पुष्कळच स्वस्त मिळते. मात्र ती साफ करणे हे खरे कसब. चुन्याच्या निवळीत नाहीतर कडकडीत पाण्यात घालून काळा पापुद्रा सुरीने खरवडायचा, मीठ लावून चार-पाच पाण्यांनी धुवायची, आणि मटणाहून अधिक वेळ शिजवायची. हे मला आमच्या शेतात कामाला येणाऱ्या एका बाईने शिकवले. आधी ती शिकवायला तयार नव्हती. म्हणाली, "तुमच्यासारख्याईच्या घरी हे खात असतात काय?" खातात, म्हटले. तिने मग पाट्यावर बसून मसालाही दाखवला. त्यात खोबरे नव्हतेच, नुसता भाजलेला कांदा, जवस आणि लाल मिरच्या. इतका चवदार रस्सा मी क्वचित खाल्ला आहे.

वाढण्याविषयी आता दोनच गोष्टी सांगते. पातेले उतरवल्यावर पंगत मांडण्याआधी घरात जेवढी माणसे तेवढ्या वाट्या ओळीने मांडाव्यात, रांधणारीचीही मांडावी, आणि फोडी मोजून घालाव्यात. रस्सा मागाहून ज्याला हवा तेवढा. माझ्या सुनेने हे सुरू केले तेव्हा माझ्या मुलाने विचारले, "हे काय रेशन दुकान आहे का?" ती म्हणाली, "हो, आणि कार्डावर माझंही नाव आहे." दुसरी गोष्ट, शक्य तिथे सगळ्यांनी एकत्र बसावे. रांधणारी मागाहून बसली की तिच्या वाटीकडे कोणाचा तरी हात जातोच. बहुधा तिचा स्वतःचाच, लेकराला वाढायला.

आजची पंगत आपण याच पद्धतीने मांडली आहे. मागच्या अंगणात दोन चुली आहेत. लिंबाकडची मटणाची, विहिरीकडची माळकरी भगिनींसाठी पिठल्याची. भांडी, पळ्या, वाढप्ये सगळे निराळे. वाट्या मोजलेल्या आहेत, फोडीही मोजलेल्या आहेत, कलेजी पुरेल तेवढी आहे. लिंबू प्रत्येक ताटात आहे, ते तसेच ठेवून उठू नका. आणि जेवण झाल्याबरोबर चहा मागू नका. चहाने खाल्लेले लोह कमी अंगी लागते. चहाचे आधण तासाभराने ठेवायला सांगितले आहे.